एलएसचा ओतीव क्रँक: टर्बो लावताना ठेवायचा की काढायचा?

जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यातल्या बहुतेक इंजिनांत कंपनीतून येणारा क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा, ओतीव असतो, नॉड्युलर आयर्नचा (साच्यात ओतलेलं चिवट लोखंड). 'ओतीव' हा शब्द कानावर पडला की टर्बो लावायला निघालेला माणूस सामानाच्या यादीत पहिली ओळ 'घडीव क्रँक' (दाबून घडवलेल्या पोलादाचा) अशी लिहून मोकळा होतो. रॉड, पिस्टन आणि इंजेक्टरपर्यंत यादी पोचेस्तोवर खिसा रिकामा. आणि मग इंजिन फुटतं ते रॉडमुळे किंवा रिंगांमुळे, क्रँक आत शाबूत.

आमचा निकाल आधीच सांगतो. बेअरिंग, डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकाचा, पीळ शोषणारा भाग) आणि ट्यूनिंग धड असेल तर 92 मिमी स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली प्रवासाचा) हा क्रँक टर्बोवर 700 ते 800 एचपी रस्त्यावरच्या वापरात निमूट सोसतो. ड्रॅगच्या गाड्यांत तो हजाराच्या पुढेही ताणला जातो, पण तिथे इंजिनाचं आयुष्य किलोमीटरमध्ये नव्हे, फेऱ्यांमध्ये मोजतात. टर्बो-सुपरचार्जर नसलेल्या इंजिनावर तर आकड्याची चर्चाच नको. कंपनीच्या मापाच्या एलएसमधून हवेच्या जोरावर जेवढी ताकद निघेल तेवढी या क्रँकला जड नाही. तिथे बघायचे ते आरपीएम.

आधी माल ओळखून घेऊ. 1997 च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस1 आलं. ते, एलएस6, एलएस2, एलएस3 आणि ट्रकमधली 5.3 व 6.0 लिटरची इंजिनं, सगळ्यांचा स्ट्रोक 92 मिमी. 4.8 लिटरचा क्रँक वेगळा, 83 मिमीचा. घडीव क्रँक एलएस7, एलएसए आणि एलएस9 अशा मोजक्या इंजिनांत मिळतो. हातातला क्रँक कुठल्या जातीचा हे काउंटरवेटच्या (क्रँकवरच्या तोलाच्या वजनाच्या) कडेवर कळतं. ओतीव असेल तर साच्याच्या दोन अर्ध्यांची बारीक, धारदार रेघ दिसते. घडीव असेल तर तिथे बोटाएवढा रुंद, घासून काढलेला पट्टा असतो. दोरीला टांगून लहान हातोडीने हलकं ठोकलं तर घडीव घंटेसारखा वाजत राहतो, ओतीवचा आवाज लवकर विरतो. हीच चाचणी तडा गेलेल्या घडीव क्रँकलाही उघडं पाडते, तो बद्द वाजतो.

आता मापं. मेन जर्नल (ज्यावर क्रँक ब्लॉकमध्ये फिरतो तो गोल भाग) 65 मिमी, रॉडची पिन (जिथे पिस्टनचा रॉड जोडतो तो भाग) 53.3 मिमी. दोघांची बेरीज करून निम्मी करा, त्यातून निम्मा स्ट्रोक वजा करा: 59 वजा 46, साधारण 13 मिमी. क्रँककडे टोकाकडून पाहिलं तर मेन आणि पिन एकमेकांवर एवढे चढलेले दिसतात. हा ओव्हरलॅप. धातूचं नाव विचारण्याआधी हा आकडा काढावा, कारण पिनवरचा जोर मेनपर्यंत थेट धातूतून जातो की पातळ वेबला (मेन आणि पिन जोडणाऱ्या भागाला) वाकवून जातो, हे त्यावर ठरतं. टोयोटाच्या 2जेझेडचा हिशेब करा: मेन 62, पिन 52, स्ट्रोक 86, ओव्हरलॅप 14 मिमी. मित्सुबिशीचं 4जी63: 57, 45 आणि 88, म्हणजे फक्त 7 मिमी. त्या बारीक क्रँकला घडीव पोलाद लागतंच. एलएसच्या क्रँकला आकारानेच बरीच मदत केलीय, म्हणून साध्या धातूवर भागतं.

'क्रँक किती एचपी सोसतो' हा प्रश्नच थोडा तिरका आहे. क्रँकला एचपी कळत नाही. त्याला कळतो सिलिंडरमधला दाब, पिस्टनची ओढ आणि पीळ. 800 एचपी 6500 आरपीएमला काढले तर टॉर्क पडतो सुमारे 876 न्यूटन-मीटर. तेच 800 एचपी 4000 आरपीएमला काढायचे म्हटले तर 1424. कागदावर ताकद तेवढीच, क्रँकच्या पिनवर जोर दीडपटीहून जास्त. 5.3 लिटरच्या 96 मिमी बोअरवर (सिलिंडरच्या व्यासावर) 80 बारचा दाब म्हणजे सुमारे 5.9 टनांचा धक्का, 130 बार म्हणजे 9.6 टन. मोठा टर्बो उशिरा भरतो आणि वरच्या आरपीएमला ताकद देतो. तो क्रँकवर दयाळू असतो. लहान टर्बोला 3000 आरपीएमलाच पूर्ण बूस्ट (हवेचा जादा दाब) गाठायला लावणं किंवा खालच्या आरपीएमला नायट्रस (जास्त इंधन जाळू देणारा वायू) मारणं, हे एचपीच्या आकड्यात न दिसणारं क्रौर्य आहे. 600 एचपीचं असं इंजिन 850 च्या शांत इंजिनापेक्षा आधी बेअरिंग खातं.

वेगाची बाजू वेगळी. पिस्टन, पिन आणि रॉडचं वरचं टोक मिळून 0.7 किलो धरा. 6500 आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला पोचतो तेव्हा तो क्रँकला सुमारे 19 किलोन्यूटनने, म्हणजे जवळपास दोन टनांनी, वर ओढतो. 7500 ला हीच ओढ 26 किलोन्यूटनच्या आसपास जाते. आरपीएम 15 टक्के वाढला, ओढ 33 टक्के. आणि ती सायकलमध्ये दोनदा येते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, जिथे जळणाऱ्या वायूचा दाब तिला खाली रेटून थोडी कमी करतो. आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, जिथे मदतीला कोणी नसतं. त्यामुळे ओतीव क्रँकवर आम्ही रेव्ह लिमिटरची (इंजिनाचा वेग तिथेच रोखणारी) मर्यादा 6800 च्या आसपास ठेवतो, हलके पिस्टन असतील तर 7000. त्यापुढे रोज जायचं असेल तर घडीव क्रँक घ्यावा, मग एचपी 500 च का असेना.

धातूबद्दल दोन शब्द पुरेत. नॉड्युलर आयर्नची ताणशक्ती साधारण 550 ते 700 मेगापास्कलच्या घरात. उष्णता-प्रक्रिया केलेल्या 4340 पोलादाची हजाराच्या आसपास. फरक मोठा आहे, पण क्रँक एका झटक्यात क्वचितच तुटतो, थकून तुटतो. लाखो फेऱ्यांनंतर एका बारीक जागी तडा सुरू होतो आणि आत सरकत जातो. त्यामुळे धातूच्या पोटापेक्षा कातडीला जास्त महत्त्व आहे. एलएसच्या क्रँकवर पिन आणि वेब जुळतात त्या गोलाईवर, फिलेटवर, रोलर दाबून पृष्ठभाग आधीच आवळलेला असतो. तडा उघडायला आधी हा दाब संपवावा लागतो. ओतीव क्रँक एवढं सोसतो त्याचं अर्धं श्रेय या रोलिंगचं.

म्हणूनच ग्राइंडिंगवाला निवडताना काळजी घ्या. जर्नलला ओरखडे पडले म्हणून 0.25 मिमी अंडरसाइज करायला दिला आणि चाकाची कड फिलेटला लागली, तर कंपनीने केलेली मेहनत एका मिनिटात पुसली जाते. परत आलेल्या क्रँकच्या पिनवर नखाने कडेकडे जा: गोलाई सलग लागली पाहिजे, पायरी लागता कामा नये. पायरी लागली तर तो क्रँक 300 एचपीच्या साध्या इंजिनाला ठेवा, टर्बोला नको. तेलाच्या भोकाची कडही हातानेच तपासावी, धार असेल तर बारीक पॉलिश करून मोडावी.

तुटलेल्या क्रँकचा चेहरा खूप बोलतो. तुकडा दिव्याखाली धरा. फिलेटपासून किंवा तेलाच्या भोकापासून निघून शिंपल्याच्या रेषांसारखे अर्धगोल पसरत गेलेले दिसतात, तो भाग गुळगुळीत, थोडा काळपट. तिथे तडा बरेच दिवस होता. उरलेला भाग खडबडीत, चमकदार, दाणेदार: तो शेवटच्या क्षणी तुटला. गुळगुळीत भाग मोठा आणि खडबडीत छोटा असेल तर जोर फार नव्हता, क्रँक आधीच कमजोर झाला होता किंवा नीट आधार नव्हता. तडा जर्नलभोवती 45 अंशांनी तिरका फिरत गेला असेल तर गुन्हेगार पीळ, म्हणजे डॅम्परकडे बघा. सरळ वेबमधून आरपार गेला असेल तर वाकणं, म्हणजे मेन कॅप (मेन बेअरिंगला खालून धरणारी टोपी), बेअरिंगचा गॅप किंवा ब्लॉक. आणि जर्नल निळं पडलेलं असेल तर तुटण्याआधी तेल गेलं होतं. मग क्रँकला दोष देऊन उपयोग नाही.

डॅम्परवर जरा रेंगाळतो, कारण चांगले क्रँक मारण्यात याचा हात सगळ्यात मोठा. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पिळवटतो आणि सुटतो. काही ठराविक आरपीएमला हा पीळ स्वतःच्या लयीत येतो आणि वाढत जातो. पुढच्या टोकाला असलेलं वजन आणि त्यामधलं रबर ती लय मोडतं. रबर 20 वर्षांचं झालं की कडक होतं, तडे जातात, बाहेरची कडी सरकते. कंपनीच्या डॅम्परवर हब आणि कडी यांच्यामधून खडूने सरळ रेघ ओढा, महिनाभराने बघा. रेघ तुटून दोन भाग पुढेमागे झाले असतील तर तो डॅम्पर फेका. हलकी म्हणून अखंड ॲल्युमिनियमची पुली लावणं ही गाडी हलकी करण्याची सर्वात महागडी पद्धत आहे. निसानच्या आरबी26 इंजिनात याच पिळाचं दुसरं रूप दिसतं. रेव्ह लिमिटरवर धडधडत ठेवलं की क्रँक आधी ऑइल पंपाच्या गिअरचे तुकडे करतो. आर32 स्कायलाइन गाडीच्या सुरुवातीच्या क्रँकवर तर पंपाला धरणारा भागच अरुंद होता. एलएसचा पंपही क्रँकच्या नाकावरूनच चालतो, त्यामुळे धडा तोच: लिमिटरवर खेळू नका.

एलएसच्या नाकाची स्वतःची एक खोड आहे. टायमिंग स्प्रॉकेटला चावी आहे, डॅम्परला नाही. डॅम्पर निव्वळ घट्ट बसण्यावर आणि बोल्टच्या ताणावर फिरतो. टर्बोला हे चालतं. सुपरचार्जरचा पट्टा त्यावर ओढू लागला की डॅम्पर नाकावर सरकू शकतो, आणि सरकला की नाक खरवडून बसतो. सुपरचार्जर लावणार असाल तर जिग बसवून डॅम्पर आणि नाकाच्या सांध्यात पिन मारून घ्या. बोल्टची पद्धत कंपनीची आहे तीच पाळा. आधी जुना बोल्ट 330 न्यूटन-मीटरला आवळून डॅम्पर पूर्ण बसवायचा, मग तो काढून नवीन बोल्ट 50 न्यूटन-मीटर आणि वर 140 अंश. नवीन बोल्टनेच डॅम्पर ओढून बसवण्याचा शॉर्टकट मारणारे बरेच आहेत. ताणून वापरायचा तो बोल्ट अर्धा तिथेच थकतो.

ब्लॉकच्या बाबतीत मात्र या क्रँकचं नशीब चांगलं. प्रत्येक मेन कॅपला खालून चार आणि बाजूंनी दोन असे सहा बोल्ट आहेत, आणि ब्लॉकचा स्कर्ट (बाजूची खालची भिंत) क्रँकच्या खालपर्यंत उतरतो. कॅप हलत नाही, म्हणून क्रँक वाकत नाही. फोर्डचं जुनं 302 याच्या उलट: तिथे 500 एचपीच्या आसपास ब्लॉकच मेनच्या रेषेत फाटतो, आत घडीव क्रँक टाकला तरी. बसवताना आतले मेन बोल्ट 20 न्यूटन-मीटर आणि 80 अंश, बाहेरचे स्टड 20 आणि 53 अंश, बाजूचे बोल्ट 25 न्यूटन-मीटर. आतल्या बोल्टांऐवजी जाड स्टड टाकणार असाल तर मेनची भोकं पुन्हा मापा, ताण बदलला की भोकाचा आकार बदलतो. स्टड टाकून, न मापता, जुन्याच बेअरिंगवर क्रँक बसवणं हे सुधारणेच्या नावाखालचं नुकसान.

बेअरिंगचा गॅप हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त विमा. ढोबळ नियम: व्यासाच्या हजारव्या भागाएवढा. म्हणजे मेनवर 0.065 मिमी, पिनवर 0.053. कंपनीचे आकडे यापेक्षा घट्ट आहेत, कारण तिथे पातळ तेल, शांतता आणि इंधनबचत बघायची असते. टर्बोच्या 700 एचपीला आम्ही मेन 0.055 ते 0.065 आणि रॉड 0.055 ते 0.060 ठेवू, आणि तेल एक पायरी जाड. प्लास्टिगेजवर (दाबून चपटी होणाऱ्या मोजायच्या प्लास्टिक दोऱ्यावर) भरवसा ठेवू नका. बेअरिंग बसवून, कॅप पूर्ण टॉर्कला आवळून बोअर गेजने माप घ्या, जर्नल मायक्रोमीटरने, दोन दिशांना. पुढे-मागचा खेळ 0.04 ते 0.20 मिमीत हवा. हा खेळ तिसऱ्या मेनवरच्या थ्रस्ट बेअरिंगवर असतो. जड क्लच दाबून गाडी सुरू करण्याची सवय याच बेअरिंगला खाते. 4जी63 च्या सात बोल्टवाल्या क्रँकची 'क्रँकवॉक'ची कुप्रसिद्धी थ्रस्टचीच. तिथेही क्रँक तुटत नाही, पुढेमागे सरकत ब्लॉक खातो.

जुना क्रँक घेताना व्ही-ब्लॉकवर दोन टोकांचे मेन ठेवा आणि मधल्या मेनवर डायल गेज लावा. एक फेरा हळू फिरवा. काटा 0.03 मिमीपर्यंत हलला तर ठीक, 0.05 च्या वर गेला तर सोडून द्या. घडीव क्रँक प्रेसवर सरळ करता येतो. ओतीव सरळ झाल्यासारखा दिसतो आणि फिलेटमध्ये तडा घेऊन परत येतो. नंतर मॅग्नेटिक तपासणी, सगळे फिलेट आणि सगळी भोकं. मागच्या काउंटरवेटजवळ दात असलेली रिलक्टर चकती (सेन्सर जिच्यावरून क्रँकची जागा ओळखतो ती) दाबून बसवलेली असते. क्रँक जमिनीवर आडवा लोटला किंवा चकतीला धरून उचलला की ती वाकते आणि मग इंजिन चालू होऊनही मिसफायर करत राहतं. कॉइल आणि प्लग बदलून माणूस थकतो, दोष मात्र त्या चकतीत. जुन्या क्रँकला 24 दात, नंतरच्यांना 58. ईसीयू (इंजिनाचा संगणक) कुठला आहे ते बघूनच क्रँक उचला.

ताकद वाढवताना मोडण्याचा क्रम लक्षात ठेवला तर पैसे नीट लागतात. 5.3 लिटरमध्ये आधी रिंगांची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा वरचा काठ उडतो. 96 मिमी बोअरला वरच्या रिंगचा गॅप 0.58 मिमीच्या आसपास करून घ्या, हे फक्त कानशीचं काम आहे. मग जुन्या पिढीच्या इंजिनात रॉड वाकतात. पुढच्या पिढीचे रॉड जाड आहेत. त्यानंतर तेल: ऑइल पिकअप नळीचा ओ-रिंग कडक झालेला असतो, पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि रॉडचं बेअरिंग फिरतं. ओ-रिंग नवीनच टाकायचा, आणि नळीच्या खाचेला जुळणाऱ्या जाडीचा, कारण ते एकाच मापाचे येत नाहीत. नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी स्फोट, तर या सगळ्यांच्या आधी येतं. नॉकिंगचा दाब धक्क्याने येतो, तेलाचा थर फोडून बेअरिंगच्या वरच्या शेलवर हातोडा मारतो. 800 एचपी सोसणारा क्रँक नॉकिंगच्या 500 ला संपतो. क्रँकचा क्रमांक या रांगेत बराच मागे.

तरीही घडीव घ्यायचाच असेल तर एलएसएचा 92 मिमीचा क्रँक सरळ बसण्यातला, पण मागच्या फ्लँजला (फ्लायव्हील बसतं त्या टोकाला) आठ बोल्ट आहेत. ओतीवला सहा, एलएस9 ला नऊ. म्हणजे फ्लायव्हील किंवा (ऑटोमॅटिकमध्ये त्याजागी असणारी पातळ) फ्लेक्सप्लेटही तसंच लागेल. एलएस7 चा 101.6 मिमी क्रँक बघून भुलू नका. त्याचं नाक ड्राय-सम्पच्या (तेल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या रचनेच्या) दुहेरी पंपासाठी लांब आहे, स्ट्रोकमुळे पिस्टनही बदलावे लागतात. क्रँक कुठलाही बदला, बॅलन्सिंग पुन्हा करायचंच. एलएस आतून बॅलन्स केलेला असतो, त्यामुळे पुलीवर किंवा फ्लायव्हीलवर वजन चिकटवून जुळवायची सोय नाही. बॉबवेट (बॅलन्सिंगसाठी पिनवर लावायचं वजन) काढताना एका पिनवर दोन रॉड आहेत हे विसरू नका. रॉड-पिस्टन हलके घेऊन क्रँक तसाच बसवणारे नंतर मेन बेअरिंग का खातंय म्हणून विचारत बसतात.

आणि 1999-2000 च्या 6.0 लिटर, लोखंडी हेडवाल्या इंजिनाचा क्रँक स्वस्तात मिळाला तर फ्लँज मोजून घ्या. तो सुमारे 10 मिमी जास्त बाहेर आलेला असतो. नेहमीच्या एलएसची फ्लेक्सप्लेट त्यावर लावली तर टॉर्क कन्व्हर्टर ट्रान्समिशनच्या पंपावर दाबून बसतो. पंपाचे तुकडे होतात, थ्रस्ट बेअरिंग जळतं आणि पुन्हा नाव क्रँकचं.